मास्तरांच्या शिडावरचं ठिगळ

फाटलेलं शीड टेबलावर आलं की टाकेवाली लगेच सुईदोऱ्याला हात घालत नसे. आधी चष्मा पुसायची, मग दोन्ही कोपरं टेबलावर टेकून नुसती बघत राहायची. बघणाऱ्याला वाटावं, बाईला सकाळी सकाळी डुलकी लागली की काय. पण फाटण्या-फाटण्यात फरक असतो. खडकाला घासलेल्या शिडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. उन्हाने जुन्या झालेल्या शिडाचा बोट लावलं तरी चुरा होतो. पायाखाली येऊन फाटलेलं तिरकं जातं, आणि मालक हमखास सांगतो, "वाऱ्यानं फाटलं हो." ती मान डोलवायची. वारा काही उलटतपासणीला येत नाही, तेव्हा त्याच्या नावावर काहीही खपवावं.

बावीस वर्षं ती हे काम करत होती. किनाऱ्यालगतची पत्र्याची शेड, खिडकीखाली लांबलचक टेबल, जाड कापड शिवणारं एक जुनं मशीन आणि भिंतीवर रंगीत रिळांची रांग. शिडं, पतंग, रबरी सूट, जे फाटेल ते तिच्याकडे. नाव कोणी घेत नसे. टाकेवाली म्हटलं की झालं. तिच्या टाक्याच्या जिवावर माणसं पाण्यात जात होती, आणि ती स्वतः मात्र गुडघ्याच्या वर पाणी लागू द्यायची नाही. लहानपणापासून पाण्याची धास्ती. "तुम्ही जा, मला टाके घालायचेत," असं म्हणून मोकळी व्हायची.

तर बुधवारी सकाळी टेबलावर तिच्या नवऱ्याचंच शीड होतं. आदल्या संध्याकाळी त्याने ते गुंडाळून आणून ठेवलं होतं. "जरा चिरलंय. रविवारपर्यंत कर," एवढं बोलून तो चहाला बसला होता. बोटांची सालटं निघाली होती, त्यावर तिने विचारलं तर म्हणाला, "पडलो."

ती आता बघत होती ते शीड घासलेलं नव्हतं, जुनं नव्हतं आणि पायाखालीही आलं नव्हतं. हात-दीड हात लांबीची सरळ चीर होती, ब्लेडने ओढावी तशी. कडांना किंचित वितळल्याची चकाकी. अशी चीर फक्त एकाच गोष्टीने पडते, पतंगाच्या ताणलेल्या दोरीने.

आता इथे थोडं सांगायला हवं. त्या किनाऱ्यावर दोन प्रकारची मंडळी पाण्यात उतरत. एक शिडवाले. फळीवर डोलकाठी, तिला शीड, ते दोन्ही हातांनी धरून वाऱ्याबरोबर सुसाट जायचं. दुसरे पतंगवाले. पायाखाली छोटीशी फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला चार दोऱ्या आणि वीस-पंचवीस मीटरवर खोलीएवढा पतंग. त्या दोऱ्या बुटाच्या नाडीपेक्षा बारीक. पण त्यांच्यावर अख्खा माणूस ओढला जात असतो. ताणलेल्या दोरीत बोट आलं तर बोट जातं. मान आली तर, असो. पंचवीस जणं एकाच पाण्यात, कोण जातोय, कोण येतोय, वर दोऱ्यांचं जाळं. सुरुवातीला पतंगवाले आले तेव्हा रोज भांडणं. एकदा तर दोघे वाळूत लोळून एकमेकांचे शर्ट फाडत होते, आणि ते शर्टही टाकेवालीनेच शिवून दिले.

ते सगळं थांबवलं तिच्या नवऱ्याने. शाळेत चित्रकलेचा मास्तर, सुट्टीत शिडाचा मास्तर, म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याने एक मोठी फळी रंगवून शेडच्या बाहेर ठोकली. अक्षर असं की दहा पावलांवरून वाचावं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने पतंग उंच घ्यावा, खालच्याने खाली घ्यावा. किनाऱ्यावरून निघालेल्याला येणाऱ्याने वाट द्यावी. मागून पुढे जायचं असेल तर मोठ्याने ओरडून सांगावं, आणि पुढच्याने हात वर करेपर्यंत पुढे जाऊ नये. आणि शेवटचं: नवशिक्याच्या शिडावर नारिंगी ठिगळ लावावं, ते दिसलं की दोन दोऱ्यांएवढं लांब राहावं. ठिगळं शिवायची टाकेवालीने. पोरं-पोरी शिकून तयार झाली की मास्तर स्वतः ते ठिगळ उसवून द्यायचा, वर टाळ्या. पंधरा वर्षांत पाण्यात कोणाला साधा ओरखडा नव्हता. मास्तरांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ.

टाकेवालीने मोजपट्टी घेतली. शिडाच्या खालच्या कडेपासून चिरेपर्यंत माप काढलं. एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. मग तिने फडताळातली मापांची वही काढली. नवऱ्याचा रबरी सूट दरवर्षी तीच शिवायची, त्यामुळे त्याचं माप तिला तोंडपाठ होतं. तरी पान उघडून बघितलं. पायापासून मानेपर्यंत, एकशे अठ्ठेचाळीस.

ती खुर्चीवर बसली. मोजपट्टी गुंडाळायला गेली तर गुंडाळता येईना.

*

तिला एकटीला एक गोष्ट माहीत होती. मास्तरांचा डावा कान गेला होता.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो उठला आणि म्हणाला, "कानात शिट्टी वाजतेय गं." दोन दिवसांनी शिट्टी राहिली आणि ऐकू येणं गेलं. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली, हा कान आता परत यायचा नाही म्हणाले. घरी येताना बसमध्ये मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कोणाला बोलायचं नाही. शब्द दे." तिने दिला. तेव्हा तिला वाटलं होतं, पुरुषाचा मान असतो, चार दिवसांत सांगेल आपणहून. चार दिवसांची तीन वर्षं झाली.

पठ्ठ्याने लपवलं मात्र बेमालूम. टेबलाशी नेहमी डाव्या कडेला बसायचा, म्हणजे सगळे उजवीकडे. रस्त्याने चालताना तिला हळूच उजव्या हाताला घ्यायचा. लोक म्हणायचे, बघा, या वयातही बायकोला रस्त्याच्या आतल्या बाजूने नेतात. डोंबल. एकदा लेकीने फोनवर विचारलं, "आई, बाबा हल्ली भाजीवाल्याला दोनदा किंमत का विचारतात?" टाकेवाली म्हणाली, "कंजूष झालेत." लेक हसली आणि विषय मिटला. असं खोटं बोलायची तिला सवय झाली होती. एक सवय त्यालाही लागली होती. शिट्टी जोरात वाजायला लागली की तो डावा हात उचलून कानावर तळवा दाबायचा. जेवताना, झोपताना, दाढी करतानाही. ती बघून न बघितल्यासारखं करायची.

जमिनीवर हे सगळं ठीक. पण पाण्यात वारा किनाऱ्याला समांतर वाहायचा, समुद्राकडे तोंड केलं तर डाव्या हाताकडून. शिडवाला उभा राहतो आडवा, शिडाकडे तोंड करून. जाताना मास्तरांचा डावा कान पुढे असायचा आणि चांगला कान मागे. परत येताना नेमकं उलट. येताना डावा कान मागे. मागून कोणी कितीही बोंबललं तरी भिंतीशी बोलल्यासारखं. हे तिने वाळूत काडीने रेघा मारून स्वतःच शोधून काढलं होतं. त्या दिवसापासून वारा सुटला की तिचा जीव टांगणीला. मशीन चालू असायचं आणि डोळे खिडकीबाहेर. तीन वर्षांत तिने किती वाकडे टाके घातले आणि उसवले, तिचं तिलाच ठाऊक.

*

गुरुवारी दुपारी दातांची डॉक्टर आली. गावात तिचा दवाखाना होता, आणि पतंगवाल्यांत ती सगळ्यात सावध. बाकीचे पतंग उडवायच्या आधी एकदा दोऱ्या तपासत, ही तीनदा तपासायची. दारातच उभी राहिली. हातात पतंगाची बॅग.

"ताई, हा विकायचाय. कोणाला हवा असेल तर सांगाल?"

"बसा आधी," टाकेवाली म्हणाली. "चहा टाकते."

"नको. माझा हात थरथरतोय, कप सांडेल." ती बसली मात्र. जरा वेळाने म्हणाली, "सकाळी एका आजोबांची दाढ काढायची होती. मी त्यांना उद्या या म्हटलं. ताई, मला सारखी ती डोलकाठी दिसते."

टाकेवालीने समोरचा दोरा गुंडाळायला घेतला.

"मंगळवारी दोघंही परत येत होतो. मी मागे होते, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. माझा वेग जास्त होता. नियमाप्रमाणे पतंग उंच घेतला आणि ओरडले, 'मास्तर, वरून जातेय, वळू नका.' तीनदा ओरडले. त्यांनी हात वर केला. मी बघितलं ना ताई, डावा हात. मग मी पुढे गेले. आणि मी अगदी बाजूला आले तेव्हा ते वळले. माझ्याच दिशेला, सरळ दोऱ्यांत. ते डोलकाठीला वळसा घालून पलीकडे गेले आणि ते उभे होते तिथून दोरी गेली. मी सेफ्टी ओढली, पतंग पाडला. पण दोरी गेली होती."

टाकेवालीने टेबलाची कड धरली. डावा हात.

"आता मास्तर म्हणतात, मी हात वर केलाच नाही. आणि ही ओरडलीच नाही." डॉक्टरचे डोळे भरले. "ते खोटं बोलणारे नाहीत. म्हणजे मीच ओरडले नसेन. मला वाटलं असेल ओरडले. असं होतं का हो माणसाला? रविवारी संध्याकाळी सगळ्यांची मीटिंग आहे. मला पाण्यात बंदी करतील, करू देत. पण हात वर झालेला मी बघितला नाही, असं असेल तर मी उद्या पेशंटच्या तोंडात ड्रिल कसं धरू?"

दोघंही खरं बोलत होते. ही ओरडली होती, आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याने हात उचलला होता, पण शिट्टी दाबायला. जेवताना उचलायचा तसाच. किनाऱ्यावर हात वर करण्याचा एकच अर्थ होता, आणि तो अर्थ त्यानेच फळीवर रंगवला होता. हे सगळं जोडून सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून मूग गिळत होतं.

"पतंग विकू नका इतक्यात," टाकेवाली एवढंच म्हणाली. "रविवारपर्यंत थांबा." डॉक्टर गेल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने मशीनवर कापड टाकलं आणि दुपारीच शेड बंद केली.

*

शुक्रवारी ती बोलली. जेवणं झाली होती, तो भांडी पुसत होता. ती मुद्दाम उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"अहो, चीर मोजली मी. तुमच्या मानेला एक बोट कमी."

"मग? लागलं नाही ना?"

"ती ओरडली होती."

त्याने ताट खाली ठेवलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हाला ऐकू आलं नाही. आणि तुम्ही कानाला हात लावलात. तिला वाटलं हो म्हणालात."

मास्तरांनी तेच ताट पुन्हा उचलून पुसायला घेतलं. चेहरा असा झाला होता की तिला क्षणभर त्याचीच भीती वाटली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "सांगितलंस तर उद्यापासून मी पाण्यात नाही. लोक म्हणतील, बहिऱ्याने नियम शिकवले. तीस वर्षं, कळतंय का? मी त्या पाण्याशिवाय काय आहे? शाळा सुटली, लेक लांब गेली. बसून तुझ्या रिळांना रंगाप्रमाणे लावू?"

"जिवंत तर राहाल."

"तू घाबरटच आहेस गं. पाण्यात पाय घालत नाहीस, तुला काय कळणार?"

हे मात्र तिला लागलं. घाबरट तर घाबरट. पण तीन वर्षं दोघांच्या वाट्याची भीती एकटीने वागवली होती, त्याचं काहीच नाही? बोलून उपयोगही नव्हता. रागाने तो तिच्याकडे पाठ करून उभा होता आणि डावा कान तिच्याकडे होता.

*

शनिवारी तिने चीर शिवली. आतून पट्टी, वरून दोन रांगा झिगझॅग. असं काम की बोट फिरवलं तरी कळू नये. मग ती उठली, दाराला कडी घातली आणि फडताळातून नारिंगी कापड काढलं.

ती खूप वेळ ते हातात घेऊन बसली होती. शब्द दिला होता, कोणाला बोलायचं नाही. ती बोलणार नव्हतीच. पण मास्तरांच्या शिडावर नवशिक्याचं ठिगळ! सगळा किनारा हसेल. तो कदाचित पुन्हा तिच्याशी बोलणार नाही. तिला त्याचा राग चांगला माहीत होता. एकदा रागावला की महिना-महिना घर मुकं. ती कात्री उचलायची आणि ठेवायची. शेवटी तिने मापांची वही उघडून ते पान समोर ठेवलं. एकशे अठ्ठेचाळीस. मग कात्री चालली.

ठिगळ शिडाच्या अगदी शेंड्याला लावलं. तिथलं कापड गडद निळं होतं, आरपार दिसत नसे. आणि लावलं एकाच बाजूला. जाताना शिडवाल्याचं तोंड शिडाच्या एका बाजूला असतं, परत येताना दुसऱ्या. तिने ती दुसरी बाजू निवडली. परत येताना मागच्या पतंगवाल्याला तीच दिसणार होती. आणि निघण्याआधी मास्तरांना ती दिसणार नव्हती. शिवताना सुई दोनदा बोटात गेली. टाके मोठे पडत होते, तिला कळत होतं, पण आता थांबलं तर पुन्हा हिंमत व्हायची नाही हेही कळत होतं.

रविवारी वारा सकाळपासून पिसाळलेला. पाणी पांढरं झालं होतं. टाकेवालीने शीड डोलकाठीवर चढवून ठिगळाची बाजू खाली करून वाळूत ठेवलं. दुरुस्त केलेलं शीड ताणून टाके तपासून द्यायची तिची पद्धतच होती, त्यामुळे मास्तरांना काही वावगं वाटलं नाही. तिच्याशी न बोलता त्याने चिरेवरून बोट फिरवलं, मान हलवली, आणि निघाला.

ती शेडच्या दारात उभी राहिली. पाण्यात चौदा पतंग आणि नऊ शिडं. तिने दोनदा मोजली.

जाताना पलीकडच्यांना ठिगळ दिसलं असावं. वाळूवर कोणीतरी म्हणालं, "अरे, मास्तर पुन्हा पहिलीत!" दोघे-तिघे हसले. मग हसणं आपोआप थांबलं. दातांची डॉक्टर नियमांच्या फळीपाशी उभी होती, पतंगाविना. तिने टाकेवालीकडे बघितलं. टाकेवालीने मान फिरवली.

लांब, जिथून सगळे वळतात तिथे मास्तर वळला. शीड पलटलं. नारिंगी तुकडा उन्हात लखकन दिसला. आणि पुढच्याच क्षणी शीड खाली गेलं.

त्याने बघितलं होतं. वर मान केली असणार आणि ठिगळ दिसलं असणार, आणि हातातून शीड सुटलं. आता तो पाण्यात होता. पडलेला शिडवाला दिसत नाही. शीड पाण्याला चिकटून आडवं, डोकं नारळाएवढं, आणि लाटांच्या मध्ये तेही गायब. वरून पतंग येत होते. हे तिनेच केलं होतं. दोरीपासून वाचवायला गेली आणि स्वतःच त्याला दोऱ्यांखाली पाडून बसली. ठिगळही त्याच्याबरोबर पाण्याखाली गेलं होतं, ते आता कोणाला दिसणार?

"मास्तर पडलेत," ती म्हणाली. "पडलेत ते. तिथे आहेत." ती चालायला लागली. मागून डॉक्टर काहीतरी ओरडत होती. एक लाल पतंग अगदी त्या जागेवरून सरकत गेला, तिने डोळे मिटले, उघडले. शीड दिसत नव्हतं. दुसरा पतंग आला. तिला त्या चिरेच्या कडा दिसायला लागल्या, वितळलेल्या, चकाकणाऱ्या. ती मनात मोजत होती. दहा, वीस, चाळीस. सत्तरपर्यंत तिला आठवत होतं, मग आकडे बोबडे झाले. घाबरट बाई, तीस वर्षं त्याने पोटभर घेतलेला आनंद तू एका कापडाने संपवलास, असं ती स्वतःला म्हणत होती, आणि अंगावरचं कापड जड होऊन पायात अडकत होतं.

मग शीड उठलं. आधी शेंडा, म्हणजे नारिंगी, मग सगळं. एका झटक्यात उभं राहिलं आणि किनाऱ्याकडे यायला लागलं.

त्याच्या मागे लाल पतंगवाला होता. सगळ्यात वेगवान गडी, दिवसा ट्रक चालवायचा आणि पाण्यातही तसाच हाकायचा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मागे, अगदी मंगळवारसारखा. अंतर कमी होत होतं. तो ओरडला असेल, टाकेवालीला वाऱ्यात ऐकू आलं नाही. मास्तरांना तर नाहीच. मास्तरांचा डावा हात वर गेला आणि कानावर बसला.

"नको," ती म्हणाली. "नको, नको."

लाल पतंग थबकला. वर चढला, अगदी डोक्यावर आला, आणि ट्रकवाल्याने वेग कमी करून एवढा मोठा वळसा घातला की मध्ये दोन काय, चार दोऱ्यांएवढं अंतर राहिलं. त्याच्या मागचाही तसाच गेला. त्याच्या मागचाही. मास्तर मधून एकटाच येत राहिला, आणि सगळ्यांनी त्याला शिकाऊ पोराला द्यावी तशी वाट दिली.

तेव्हा कुठे टाकेवालीच्या लक्षात आलं की आपण पाण्यात आहोत. कमरेपर्यंत. लाटेने तिला मागे लोटलं आणि डॉक्टरने दंडाला धरलं.

मास्तर तिच्या जवळच उतरला. तिच्याकडे बघितलं, कमरेभर पाण्यात, केस तोंडावर. शीड डोक्यावर धरून वाळूत आला. सगळे जमले होते आणि सगळे दुसरीकडे बघत होते. तो डॉक्टरसमोर थांबला. थांबला आणि वळला, उजवा कान तिच्याकडे करून. हे त्याने चारचौघांत पहिल्यांदाच केलं.

"त्या दिवशी काय ओरडला होतात, पुन्हा सांगा."

डॉक्टर घाबरली. हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, वरून जातेय, वळू नका."

"एवढ्याच आवाजात?"

"नाही. मोठ्याने."

"मग मोठ्याने सांगा."

ती ओरडली. शेडच्या पत्र्यापर्यंत आवाज गेला. मास्तरांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "बरोबर ओरडला होतात," तो म्हणाला. "माझा डावा कान गेलाय. तीन वर्षं झाली. संध्याकाळच्या मीटिंगला मी सांगतो सगळं. तुम्ही पतंग घेऊन या पुढच्या रविवारी." डॉक्टर तोंडावर हात दाबून रडायला लागली. ट्रकवाला उगाच आपल्या दोऱ्या गुंडाळायला लागला.

शेडमध्ये मास्तरांनी शीड टेबलावर टाकलं. पाणी फरशीवर ओघळत होतं. टाकेवाली दारातच उभी, ओली, थंडीने आणि भीतीने दात वाजत होते. आता फाडून फेकतो की काय, असं तिला वाटलं. त्याने चष्मा लावला, दोन्ही कोपरं टेकली आणि ठिगळाकडे बघत राहिला.

"टाके मोठे घातलेस," तो म्हणाला. "दोन वाऱ्यांत सुटेल हे."

"घाईत घातले," ती म्हणाली. ती त्याच्या डावीकडे होती. त्याला ऐकू गेलं नाही. ती टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि पुन्हा म्हणाली, "घाईत घातले. उसवून बारीक घालू का?"

"घाल." त्याने शीड उलटं केलं आणि निळ्या कापडावर, कोऱ्या बाजूला, बोटाने चौकोन काढून दाखवला. "आणि इथेही एक लाव. जातानाही दिसायला हवं."